चौदा नावांची यादी आणि दरमहाचं भाडं

"नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, त्यावर मशिनिंग करून आम्ही पंपाचे भाग पुरवतो. वडील, म्हणजे आण्णा, पंचवीस वर्षं धंदा बघतायत. ऑफिसचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आलंय. आजवर सगळा कारभार फुकटच्या जीमेलवर आणि दोन कॉम्प्युटरवरच्या ऑफिस २०१६ वर चालला. बाकीच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते विचारू नका. आता चाकणच्या मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलंय की यापुढे ड्रॉइंग फक्त कंपनीच्या नावाच्या ई-मेलवरच येतील. डीलरनं यादी मागितली, मी चौदा पत्ते लिहून दिले: आण्णा, मी, एस्टिमेट काढणारे काका, हिशेबनीस, त्यांची मदतनीस, परचेस, क्वालिटी, स्टोअर, डिस्पॅच (हे दोघं दिवसभर टॅलीतच असतात), दोन सुपरवायझर, आणि सेल्स, अकाउंट्स, इन्फो अशा नावांचे तीन. त्यानं मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डच्या चौदा लायसन्सचं एक वर्षाचं कोटेशन दिलं. ते बघून आण्णांनी चष्माच काढून ठेवला. त्यांचं म्हणणं, एकदाच काय ते विकत घ्या, दरमहा भाडं कशाला? मावसभाऊ म्हणतो गूगल घे. मैत्रीण म्हणते झोहो घे, आपलं आहे. कुणीतरी सुचवलं की मायक्रोसॉफ्टचाच घरगुती फॅमिली प्लॅन सहा जणांना चालतो, तसले दोन-तीन घेऊन टाका. काय करू?"

ताई, कोटेशन फुगलंय त्यात डीलरचा दोष थोडा आहे, तुमच्या यादीचा जास्त. त्यानं चौदा या आकड्याला दरानं गुणलं. तेव्हा आधी यादीच परत लिहू.

सेल्स, अकाउंट्स आणि इन्फो ही माणसं नव्हेत. ती दारावरच्या पत्रपेट्या आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये अशा पत्त्याला 'शेअर्ड मेलबॉक्स' म्हणतात आणि ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे ते दोघं-तिघं तीच पेटी उघडू शकतात आणि त्याच पत्त्यावरून उत्तरही पाठवू शकतात. गूगलमध्ये हेच काम 'ग्रुप' किंवा 'एलियस' (म्हणजे त्याच खात्याला जोडलेला दुसरा पत्ता) करून होतं. एका माणसाच्या खात्याला तीसपर्यंत एलियस फुकट जोडता येतात. तुमच्या कोटेशनमध्ये या तीन पत्रपेट्यांचं वर्षाचं भाडं लावलेलं आहे. डीलरला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यानं सांगितलं नाही.

राहिले अकरा. स्टोअर आणि डिस्पॅच टॅलीत काम करतात, ई-वे बिल सरकारी पोर्टलवर निघतं. टॅलीचा या लायसन्सशी काही संबंध नाही. सुपरवायझर जॉब कार्ड कागदावर बघतात आणि अडचण आली की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात, असा माझा अंदाज. तो चुकीचा असेल तर त्यांना परत यादीत घ्या. पण "सगळ्यांना कंपनीचा मेल दिला की बरं दिसतं" या कारणानं घेऊ नका. लायसन्स पुढं कधीही वाढवता येतं. कमी करणं मात्र अवघड असतं, त्याच्याकडे येतोच.

म्हणजे खरी माणसं उरली सात.

इथं एक सांगून ठेवतो, कारण सातावर आल्यावर पुढची युक्ती सुचतेच: एकच लायसन्स घेऊन चौघांनी तोच पासवर्ड वापरायचा. तसं करू नका. लायसन्स माणशी असतं, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे लॉगिनची खातरजमा कुणातरी एकाच्याच मोबाइलवर येते आणि तो नेमका त्या दिवशी पावण्यांकडं जत्रेला गेलेला असतो. शिवाय उद्या एखाद्या पार्टीला जुना रेट कुणी पाठवला, यावरून भांडण झालं तर उत्तर मिळत नाही. स्टँडर्डच्या जाहिरातीत "पाच कॉम्प्युटरवर चालतं" असं असतं, त्याचाही अर्थ एकाच माणसाचे पाच कॉम्प्युटर, पाच टॅब आणि पाच फोन असा आहे. पाच माणसं असा नाही.

आता प्लॅन. तुमच्या कामाचे दोनच आहेत, बेसिक आणि स्टँडर्ड. दोन्हींत कंपनीच्या नावाचा मेल मिळतो आणि फायली ठेवायला माणशी १ टीबी वनड्राइव्ह मिळतो. बेसिकमध्ये वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये किंवा फोनवरच चालतात. स्टँडर्डमध्ये ते कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात बेसिकचाही दर आहे, आणि स्टँडर्डचा दर त्याच्या जवळपास पाचपट दिसतोय. एवढा फरक कशासाठी मोजायचा, हे ठरलं की तुमचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

तो फरक तुमच्याकडे एका फायलीत दडलेला असणार. एस्टिमेटची शीट! अशा प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक एक्सेल असते. कास्टिंगचं वजन घाला, मशीनचे तास घाला, बटण दाबा, की रेट तयार. ती दहा-बारा वर्षांपूर्वी कुणा हुशार पोरानं बनवलेली असते, तो पोरगा आता पुण्यात असतो, आणि आत काय लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. ते बटण म्हणजे मॅक्रो. एक्सेलच्या ब्राउझरमधल्या आवृत्तीत असे मॅक्रो चालत नाहीत. फाइल उघडेल, आकडे दिसतील, बटण मात्र मुकं राहील. गूगल शीट्समध्येही चालत नाहीत, तिथली मॅक्रोची भाषाच वेगळी आहे. झोहो शीटमध्ये त्याची थोडीफार सोय आहे, पण तुमची जुनी फाइल जशीच्या तशी चालेल असं धरून चालू नका.

तपासायला एक पैसा लागत नाही. फाइल कॉम्प्युटरवर उघडा आणि ऑल्ट दाबून एफ ११ दाबा. उघडणाऱ्या खिडकीत डावीकडच्या यादीतल्या एकेका नावावर दोनदा टिचकी मारा आणि उजवीकडे ओळीच्या ओळी मजकूर येतो का बघा. आला, तर मॅक्रो आहे. मग त्या फायलीची एक प्रत करा, त्यातली गिऱ्हाइकांची नावं आणि रेट काढून टाका, मायक्रोसॉफ्टचं फुकट खातं उघडून त्यावर चढवा (५ जीबी जागा त्यात मिळते) आणि एस्टिमेटवाल्या काकांना ब्राउझरमध्ये एक जुना जॉब काढून दाखवायला सांगा. त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल कुठला प्लॅन घ्यायचा. डीलरच्या तासभराच्या डेमोपेक्षा ही दहा मिनिटं मोलाची.

दुसरी फाइल तुमच्या पत्रात नाही, पण ऑफिसात नक्की असणार: मराठीतली पत्रं. ग्रामपंचायतीला, कामगारांच्या नोटिसा, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या. हिशेबनिसांची मदतनीस ती श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाइप करत असेल तर जपून. ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं, एक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं आणि दुसरं पुण्याच्याच सी-डॅकचं. दोन्हींनी मराठी कॉम्प्युटरवर आणायला मोठं काम केलं, पण त्यांचे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. तो फाँट जिथं नाही तिथं पत्र उघडलं की "Ö" नि "ú" सारखी चिन्हं दिसतात. आण्णांच्या फोनवर तर नक्कीच. गूगल डॉक्समध्ये स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा फाँट वापरताच येत नाही, त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो. (त्या यादीत मुक्त आणि बलू हे मुंबईच्या एक टाइपनं केलेले देवनागरी फाँट आहेत आणि ते दिसायला सुरेख आहेत.) तेव्हा प्लॅन कुठलाही घ्या, यापुढची मराठी पत्रं युनिकोडमध्येच (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत) टाइप करायला लावा. जुन्यातली लागतील तेवढीच बदलून घ्या. दहा वर्षांपूर्वीची वर्गणीची पावती युनिकोडमध्ये आणून कुणाचं भलं होणार नाही.

या दोन तपासण्यांनंतर माझा हिशेब असा होतो. एस्टिमेटवाले काका, हिशेबनीस आणि तुम्ही, तिघांना स्टँडर्ड. आण्णा, परचेस, क्वालिटी आणि मदतनीस यांना बेसिक. मायक्रोसॉफ्टमध्ये एकाच कंपनीत असे वेगवेगळे प्लॅन मिसळता येतात, ही तुमच्यासाठी सगळ्यांत मोठी सोय. बेसिकचा दर एक भाग धरला तर डीलरचे चौदा स्टँडर्ड म्हणजे सत्तर भाग होतात. माझी यादी तीन पाचे पंधरा आणि वर चार, म्हणजे एकोणीस. क्वालिटीवाल्याबद्दल मला शंका आहे. गिऱ्हाईक तपासणीचे रिपोर्ट स्वतःच्याच एक्सेल फॉर्मात मागतं आणि त्या फॉर्मात काय काय भरलेलं असतं ते देवच जाणे. महिनाभर बेसिकवर बघा, अडलं तर स्टँडर्ड द्या. तसं झालं तरी तेवीस.

डीलरला आणखी एक विचारा: टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मीटिंगचं ॲप, नसलेला प्लॅन आहे का? एप्रिल २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनं टीम्सशिवायचे प्लॅनही जगभर द्यायला सुरुवात केली आणि ते स्वस्त पडतात. तुमचं बोलणं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालतं. गिऱ्हाइकानं टीम्सवर मीटिंग लावली तर त्याच्या लिंकवरून पाहुणा म्हणून बसता येतं, त्याला स्वतःचं टीम्स लागत नाही.

आता आण्णा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण लेथ भाड्यानं आणणारा माणूस वर्कशॉप उभं करत नाही. एकदाच विकत मिळणारं ऑफिस अजून आहे. ऑफिस २०२४ ची होम अँड बिझनेस आवृत्ती धंद्याला चालते. ती एका कॉम्प्युटरसाठी असते, तिच्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि आउटलुक असतं, मॅक्रो चालतात. तिच्याबरोबर कंपनीचा मेल मिळत नाही, क्लाउडवरची जागाही मिळत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२९ पर्यंतच येणार. तुमच्या ऑफिस २०१६ चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ते चालतंय म्हणून चालू ठेवू नका. गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगच्या फायली त्यावर उघडता तुम्ही.

तर आण्णांचा मार्ग असा बसतो: सातही जणांना बेसिक, आणि स्टँडर्डच्या तिघांच्या कॉम्प्युटरवर ऑफिस २०२४ विकत. हिशेब सोपा आहे. कोटेशनमधला स्टँडर्ड आणि बेसिकचा महिन्याचा फरक घ्या, बाराने गुणा, आणि ऑफिस २०२४ च्या एका प्रतीच्या किमतीला त्यानं भागा. जेवढी वर्षं येतील तेवढ्या वर्षांत ती प्रत फिटते. उत्तर अडीचच्या आत असेल तर आण्णा बरोबर आहेत आणि त्यांना तसं सांगा, त्यांना बरं वाटेल. साडेतीनच्या पुढं गेलं तर भाडंच परवडलं, कारण २०२९ नंतर परत खरेदी आहे. अधलंमधलं आलं तर मी स्टँडर्डकडे झुकेन. कॉम्प्युटर बदलला की लायसन्सची कटकट नको, आणि तुम्हाला घरच्या लॅपटॉपवरही काम करता येईल.

फॅमिली प्लॅन विसरा. तो सहा जणांचा आहे हे खरं, पण अटींतच लिहिलंय की तो घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. आणि त्यात तुमच्या कंपनीच्या नावाचा मेलही येत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी हा सगळा घाट घातला तेच राहून जातं.

मावसभावाचं गूगल वाईट नाही. ज्या ऑफिसात सगळं ब्राउझरमध्येच चालतं, एकाच शीटमध्ये चौघांना एका वेळी लिहायचं असतं आणि मॅक्रोचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिथं मी गूगल वर्कस्पेसच सांगतो. शिकवावं लागत नाही, जीमेल सगळ्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. पण त्यांच्या सगळ्यांत स्वस्त बिझनेस स्टार्टरमध्ये मेल आणि फायली मिळून माणशी ३० जीबीच जागा असते. सात जणांची एकत्र केली तरी २१० जीबी. ड्रॉइंग, तपासणीचे फोटो आणि कास्टिंगमधल्या दोषांचे व्हिडिओ यांना ती किती पुरेल ते तुम्हीच सांगा. त्याच्या वरचा स्टँडर्ड घेतला की माणशी २ टीबी मिळते, पण साधारणपणे सगळ्यांनाच तो घ्यावा लागतो. तिघांना महाग आणि चौघांना स्वस्त अशी मिसळ तिथं होत नाही. आणि काकांच्या शीटसाठी एक्सेल वेगळं घ्यावंच लागणार.

मैत्रिणीचं झोहो. कंपनी चेन्नईची, डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईत, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे मेल त्यांच्या व्यवस्थेवर गेलेत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्र्यांनी आपला मेल तिकडं नेल्याचं जाहीर केल्यापासून मला आठवड्याला एक तरी पत्र झोहोवर येतं. त्यांचा मेल चांगला आहे आणि पाच जणांपर्यंत एका डोमेनला (म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढं येणाऱ्या कंपनीच्या नावाला) फुकटचा प्लॅनही आहे, माणशी ५ जीबीचा. फक्त त्या फुकटच्या प्लॅनमधला मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच ॲपमध्ये बघावा लागतो, आउटलुकमध्ये जोडता येत नाही. तुमच्याकडे एस्टिमेटची शीट नसती, सात जण फक्त मेल बघणारे असते, तर मी झोहोच सांगितलं असतं. आपलं आहे म्हणून नव्हे, त्या कामाला ते पुरेसं आहे म्हणून. भाकरी आपली आहे म्हणून कच्ची खात नाही कुणी, आणि झोहोची भाकरी कच्ची नाही. तुमच्या ताटात कालवण वेगळं आहे, एवढंच.

आता ज्याच्यासाठी मी म्हटलं होतं "येतोच" ते. एक वर्षाचा करार आणि महिन्याचा करार यांत फक्त दराचा फरक नसतो. मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या नियमांत वर्षाचं लायसन्स घेतल्यावर पहिल्या सात दिवसांतच ते रद्द किंवा कमी करता येतं. आठव्या दिवशी लक्षात आलं की चौदा नव्हे सातच हवे होते, तरी वर्षभर चौदाचे पैसे. महिन्याच्या करारात दर वीस टक्के जास्त, पण दर महिन्याला आकडा बदलता येतो. आणि एक तिसरी तऱ्हा आहे, जिच्यात लोक फसतात: करार वर्षाचा, पण हप्ता दरमहा. बिल महिन्याला येतं म्हणून वाटतं सुटका महिन्याला होईल, तशी होत नाही. वर एप्रिल २०२५ पासून या हप्त्याला पाच टक्के जास्त लागतात. म्हणून कोटेशनवर "मंथली" शब्द दिसला की डीलरला विचारा, करार मंथली की बिल मंथली? आणि उत्तर मेलवर घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला महिना सातही लायसन्स महिन्याच्या करारावर घेतली असती. वीस टक्के जास्त गेले तरी एका महिन्याचेच. महिन्याच्या शेवटी क्वालिटीचं कळलं, काकांचं कळलं, मदतनीस नक्की काय वापरते ते कळलं, की मग वर्षाचा करार आणि पैसे एकरकमी.

यापुढचं प्लॅनबद्दल नाही, पण प्लॅनपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. डोमेन कुणाच्या नावावर घेतलं जाणार आहे?

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं काम बघायचो. त्यांचं डोमेन एका विक्रेत्यानं स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या मेलवर नोंदवलेलं. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जायची, आणि त्यानं धंदा बंद करून गाव सोडलं होतं. एका सोमवारी सकाळी मेल येणं थांबलं. सगळे पासवर्ड आमच्याकडे होते, पैसे भरलेले होते, सबस्क्रिप्शन चालू होतं. दार आमचं आणि चौकट दुसऱ्याच्या नावावर! ते नाव परत मिळवायला दोन महिने गेले, आणि त्यात दोष माझाही होता. मी काम हाती घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी हे बघायला हवं होतं.

म्हणून डोमेन तुमच्या कंपनीच्या नावावर, तुमच्या कार्डानं, तुमच्या स्वतःच्या मेलवर नोंदवा, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नको. जुनं जीमेल त्यासाठी ठेवा. मायक्रोसॉफ्टचं मुख्य प्रशासक खातं, ज्याला ग्लोबल ॲडमिन म्हणतात, तेही तुमच्याकडे हवं. डीलरला काम करायला अधिकार द्या, पण मालकीची किल्ली नको. असं दुसरं एक प्रशासक खातं करून त्याचा पासवर्ड पाकिटात घालून आण्णांच्या तिजोरीत ठेवा. आणि मेल चालू करून देताना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी त्याच पैशात करून द्यायला सांगा. त्या नसल्या की तुमची कोटेशनं चाकणला स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक नाराज आहे.

पैशांचं थोडक्यात. यावर जीएसटी १८ टक्के लागतो, पण खरेदी करतानाच कंपनीचा जीएसटी नंबर भरलात तर त्याचं क्रेडिट हिशेबनीस घेतील. नंतर बिल बदलून घेणं हा ताप असतो. कार्डावरून आपोआप पैसे जाण्याची सोय करणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांपर्यंतच ते ओटीपीशिवाय कापले जातात. वर्षाची एकरकमी रक्कम त्याच्यावर जाईल, म्हणजे त्या दिवशी कुणीतरी ओटीपी द्यायला हवा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

डीलर कोपायलट नावाचं एआय वेगळ्या पैशानं द्यायला बघेल. सध्या नको. गूगलनं आपलं जेमिनाय जानेवारी २०२५ पासून प्लॅनमध्येच घातलं आणि दर वाढवले, तिथं निवड नसते. इथं आहे, तर ती वापरा.

शेवटची गोष्ट शिरोलीची म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हा तुम्हाला वर्कशॉपला पोचता आलं नसणार. फायली क्लाउडवर असत्या तर घरून काम झालं असतं, हे खरंच. पण पुरात इंटरनेटही जातं. कॉम्प्युटरवर उतरवलेलं एक्सेल त्याच्याशिवाय चालतं, फक्त महिन्यातून एकदा तरी त्याला इंटरनेट दिसावं लागतं. ब्राउझरमधलं तिथल्या तिथं थांबतं. तिघांना स्टँडर्ड सांगण्यामागं हेही एक कारण आहे. आणि क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. वनड्राइव्हवर पुसलेली फाइल कचरापेटीत ९३ दिवस राहते, कायमचा पुसलेला मेल साधारण १४ दिवसच परत आणता येतो. सोडून गेलेल्या माणसाचं खातं काढून टाकलंत की, मूळ सेटिंग बदललं नसेल तर, त्याचा वनड्राइव्ह ३० दिवसांत जातो. म्हणून कंपनीच्या फायली कुणाच्याच वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. शेअरपॉइंट नावाची सामाईक जागा बेसिकमध्येही मिळते, ड्रॉइंग तिथं ठेवा. आणि महिन्याला एकदा सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती घरी न्या, वरच्या मजल्यावर.

जुन्या जीमेलमधले मेल नव्या पेटीत आणता येतात, ते काम डीलरकडून कोटेशनमध्येच लिहून घ्या. बदल साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा, आणि गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी नवा पत्ता कळवा. जुनं जीमेल वर्षभर तरी बंद करू नका, कुणीतरी जुन्याच पत्त्यावर ऑर्डर पाठवतंच.

आधी काकांची शीट तपासा, मग डीलरला फोन. आणि क्वालिटीवाल्याचं काय झालं ते महिन्यानं कळवा, माझा अंदाज बरोबर निघतो का ते मलाही बघायचंय.